न बिघडणारे कूलर

धाड गावच्या बाजारपेठेत मी आधी मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढलं. ते दीड वर्षात बंद पडलं. मग त्याच गाळ्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान काढलं, ते आठ महिन्यांत बंद पडलं. त्यानंतर लहान कारागिरांना धंदा कसा वाढवायचा हे शिकवायची नोकरी मला लागली.

मुलाखत बुलढाण्याला होती. आमच्या साहेबांनी विचारलं, "धंद्याचा काही अनुभव?" खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, कारण मला पाणी आणून देणारा शिपाई धाडचाच होता आणि तो अजून दारातच उभा होता.

"दोन दुकानं काढली, सर. दोन्ही बुडाली."

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे काय केलं की दुकान बुडतं हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे."

"हो, सर."

"बरंय. सोमवारपासून या."

आमच्या संस्थेचं काम सांगायला सोपं होतं. लोहार, सुतार, शिंपी, वेल्डिंगवाले, जळालेल्या मोटारींची तार पुन्हा भरणारे, अशा लोकांच्या हातात कसब असतं, पण दुकान बापाच्या वेळी होतं तेवढंच राहतं. त्यांच्याजवळ बसायचं, कुठे अडलंय ते पाहायचं आणि दुकान एवढं वाढवायचं की त्यांच्या घरात दोन पैसे जास्त येतील आणि आणखी दोघांना तिथे काम मिळेल. आमचं पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. ऐन उन्हाळ्यात कोट घालून आलेल्या एका तरुणाने पडद्यावर बाण आणि वर्तुळं दाखवली. परत आलो तेव्हा माझ्याकडे एक पिशवी, चाळीस प्रश्नांचा छापील फॉर्म आणि 'विस्तार' हा शब्द होता. वाटणीत मला नांदुरा आलं.

नांदुऱ्यात कोणालाही विचारा, कारागीर म्हटलं की स्टेशनच्या रस्त्यावरच्या कूलरवाल्या चाचांचं नाव निघायचं. मोटाळ्यावरून जाणाऱ्या एसटीने मी पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. चाचांचा कारखाना म्हणजे कडुनिंबाखाली टाकलेली पत्र्याची शेड. साठीच्या पुढचा, काडीसारखा माणूस, अंगात पांढरी बनियन, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली. ते पत्रा वाकवत होते. मी बाजूला उभा राहिलो. त्यांनी पत्रा वाकवला, कडा एकमेकींत अडकवल्या, जोडावर कथलाची झाळ दिली आणि मग त्या जोडावरून डोळे मिटून बोट फिरवलं. कुठेतरी काहीतरी लागलं असावं. त्यांनी तो जोड पुन्हा उघडला आणि सगळं पहिल्यापासून केलं. मी तासभर उभा होतो. तेवढ्या वेळात एक जोड झाला.

मी ओळख सांगितली. त्यांनी मला उलट्या डब्यावर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, "इचार बेटा, काय इचाराचं थे."

मी फॉर्म काढला. सातव्या प्रश्नापाशी गाडी अडली.

"चाचा, तुमचे स्पर्धक कोण?"

"म्हंजे?"

"म्हणजे तुमचं गिऱ्हाईक कोण तोडतं?"

चाचांनी बराच वेळ विचार केला. "माहेच जुने कूलर."

मी पेन थांबवलं. ते म्हणाले, "निमगावच्या गुरुजीले मी कूलर देल्ला तवा त्याईचा पोरगा पाळण्यात होता. आता त्या पोराचं पोरगं शाळेत जाते. कूलर थोच हाय. मंग त्यानं नवा काऊन घ्यावा?"

हे मी प्रशिक्षणात ऐकलं नव्हतं. त्या रकान्यात काय लिहायचं ते कळेना, म्हणून 'स्वतः' असं लिहिलं.

घरी जाऊन मी रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत विचार केला. उपाय सरळ होता. चाचांचा कूलर महाग आणि टिकाऊ. त्यांनी पातळ पत्र्याचा, स्वस्त, चार-पाच वर्षं चालेल असा कूलर करावा. दुसऱ्या दिवशी हे चाचांना सांगितलं. माणूस पाहुण्याचं मन मोडणारा नव्हता. त्यांनी पातळ पत्रा आणला आणि दोन दिवसांत कूलर तयार केला. सुरू केला. तो थंडीत भिजलेल्या म्हाताऱ्यासारखा थरथरायला लागला. चाचा त्याच्यासमोर उकिडवे बसून राहिले.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. शेतकरी माणूस, बायको सोबत. त्यांना कूलरची किंमत ऐकून बरं वाटलं. मी मनात म्हटलं, झालं काम.

चाचा त्यांना म्हणाले, "हा नोका घेऊ."

"काऊन?" त्या माणसाने विचारलं.

"खराब हाय."

"तुमाले कसं ठाऊक?"

"मीच बनवला ना."

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते गेले. तो कूलर पुढे शेडच्या कोपऱ्यात पडून राहिला. शेजारच्या कोंबडीने त्यात अंडी घातली. महिन्याच्या अहवालात मी लिहिलं, 'नवीन उत्पादनाची चाचणी सुरू आहे.'

दुसरा उपाय जाहिरातीचा. माझ्या मते चाचांचं नाव सगळ्या नांदुऱ्यात असलं तरी तालुक्यात नव्हतं. मी एक पत्रक तयार केलं. वर कूलरचं चित्र, खाली 'घरोघर गारवा', त्याच्या खाली चाचांचं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर ठळक अक्षरात. मजकूर मीच टाइप केला. झेरॉक्सच्या दुकानात एवढं एक काम शिकलो होतो. गठ्ठा पेपरवाल्याकडे दिला आणि एका सकाळी पेपरातून पत्रकं तालुकाभर गेली.

त्या दिवशी मी आठ वाजताच शेडमध्ये हजर झालो. चाचांनी फोन पुसून लाकडी ठोकळ्यावर ठेवला. आम्ही दोघं त्याच्यासमोर बसलो. नऊ वाजले, दहा वाजले. फोन वाजला नाही. अकरा वाजता चाचा म्हणाले, "बंद त नाई?" मी माझ्या फोनवरून लावून पाहिला. वाजला. "चालू हाय," ते म्हणाले आणि परत ठेवला. एक वाजता त्यांनी मला त्यांच्या डब्यातली अर्धी भाकर आणि भरीत दिलं, बहुतेक माझा चेहरा पाहून. समोर रस्त्याच्या कडेला कूलरच्या गवताच्या ताट्या बांधून विकणारी एक बाई बसायची. तीही अधूनमधून हाक मारून विचारायची, "आला का वो फोन?"

चारच्या सुमाराला एक स्कूटर शेडपाशी थांबली. पांढरा सदरा घामाने पाठीला चिकटलेले, अंगाने भरलेले एक शेठ उतरले. मार्केट यार्डात त्यांची धान्याची अडत होती. हातात लांबलचक कागद होता.

"हा कूलरचा कारखाना कोनाचा हाय?"

"माहा," चाचा म्हणाले.

"सकाळपासून मी तुमचे कूलर इकून राह्यलो," शेठ म्हणाले आणि डब्यावर बसले.

मी पत्रक काढून नंबर पाहिला. मग चाचांच्या फोनवरचा पाहिला. शेवटून तिसरा आकडा. नऊच्या जागी मी सहा टाइप केला होता.

शेठ शांत माणूस निघाले, किंवा सकाळी चिडून चिडून दुपारपर्यंत शांत झाले होते. पहिल्या चार-पाच फोनांना त्यांनी 'राँग नंबर' म्हटलं. लोक परत लावायचे. एका म्हातारीने तर त्यांनाच झापलं की चाचा, आवाज बदलून बोलून राह्यला का. मग त्यांनी हार मानली. नाव, गाव आणि तक्रार लिहून घ्यायला सुरुवात केली. अडतीच्या माणसाला कागदावर नीट लिहिल्याशिवाय चैन पडत नाही.

"एकानं भाव इचारला," शेठ म्हणाले. "मी सवयीनं म्हनलं, आठ दिवस थांबा, भाव वाढते. मंग ध्यानात आलं का हे तूर नाई. अन् त्याच्यानंतर खरा तुरीचा फोन आला, त्याले मी इचारलं का कोनत्या साइजचा पाह्यजे."

मी माफी मागितली. तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. "चौदा फोन. त्यातले तिघं नवा कूलर पाह्यजे म्हनते. बाकीचे अकरा काय म्हनते आयका." आणि ते एकेक वाचत गेले. निमगावचे गुरुजी, चाचा दोन वर्षं झाले आला नाही. वडनेरच्या बाई, गवत सडलं, वास येतो. अमक्या गावचे अमके, पंखा घरघर करते, चाचाला पाठवा. सगळ्यांचं तेच. कूलर चांगला आहे. चाचा आला नाही.

शेठनी कागद खाली केला. "हे काय भानगड हाय?"

चाचा संकोचले. मग हळूहळू सांगितलं. दरवर्षी होळीच्या आसपास ते सायकल काढायचे आणि गावोगाव जाऊन आपले कूलर पाहून यायचे. पंख्याला तेल द्यायचं, गंज घासायचा, झाळ सुटली असेल तर लावायची, गवत बदलायला सांगायचं. दोन वर्षं झाली, गुडघे सायकल चालवू देत नव्हते. म्हणून गेले नाहीत.

"अन् याचे किती घेत होते?" शेठनी विचारलं.

"घ्याचे काय? पोरगी देल्ली त्या घरी बाप वर्षातून एकदा जाऊन पाह्यते का नाई? थो काय पैसे मांगते?" चाचांच्या दोन्ही मुली अकोल्याकडे दिलेल्या होत्या. बोलताना त्यांना खरोखरच मुलींत आणि कूलरांत फरक वाटत नव्हता.

शेठनी यादीतली नावं बोटाने पुन्हा मोजली. मग माझ्याकडे वळून, जणू गुन्हा माझा होता अशा आवाजात म्हणाले, "अकरा मानसं सोताहून फोन करून राह्यले का आमच्याकडे या. माह्या अख्ख्या जिंदगीत मले कोनी सोताहून बोलावलं नाई. याले धंदा म्हनते. अन् हे फुकट करून राह्यले." जाताना त्यांनी स्वतःच्या घरासाठी एक मोठा कूलर सांगितला. तो कागदही आम्हाला दिला, पण आधी त्याची एक नक्कल करून स्वतःच्या खिशात ठेवली. कशासाठी ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शेठ गेले. गवतवाली बाई रस्ता ओलांडून शेडमध्ये आली. तिने सगळं ऐकलं होतं. तिचा नवरा सुरतेला गिरणीत कामाला गेला होता आणि तिकडचाच होऊन राहिला होता. घरात ती आणि अकरावीत जाणारी एक मुलगी. उन्हाळ्यात गवत, बाकीचे महिने भाजी.

"गवत माहं न्या," ती म्हणाली. "अन् मीबी संगं येते."

"तू काऊन?" चाचांनी विचारलं.

"तुमाले पैसे मांगता येत नाई. सगळ्या नांदुऱ्याले ठाऊक हाय. या पोरालेबी येत नसतीन. तोंडावरूनच दिसते."

माझ्या ओळखपत्रावर 'व्यवसाय मार्गदर्शक' असं लिहिलं होतं. मी ते खिशात घातलं.

आम्ही मालवाहू तीनचाकी रिक्षा ठरवली. मागे गवताचे भारे, पत्र्याचे तुकडे, तेलाचा डबा आणि भाऱ्यांवर आम्ही तिघं. पहिलं घर निमगावच्या निवृत्त गुरुजींचं. गुरुजींनी चाचांना दारातच मिठी मारली. चाचा थेट कूलरपाशी गेले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वाळला रे." दोन तास काम चाललं. बाईने जुन्या ताट्या उपसल्या, नव्या बसवल्या, तळातला गाळ खरडून काढला. चाचांनी पंख्याचं बेरिंग बदललं. कूलर सुरू झाला तेव्हा आवाज असा आला की गुरुजींची नात खेळणं टाकून त्याच्यासमोर येऊन बसली.

मग तो क्षण आला. गुरुजींनी पाकीट काढलं. "चाचा, किती द्यायचे?"

"राहू द्या, गुरुजी."

मी डोळे मिटले. गुरुजी पाकीट परत खिशात घालायला लागले, तेवढ्यात मागून आवाज आला. "चाचाचं राहू द्या. माह्या गवताचे द्या, गाडीचे द्या, बेरिंगचे द्या, अन् माह्या हाताचे द्या. या पोराचेबी द्या."

गुरुजींनी माझ्याकडे बोट केलं. "याचे कशाचे? हा तर बसूनच होता."

"थो लिहून घेते," ती म्हणाली.

गुरुजींनी दिले. चाचांना एवढी लाज वाटली की परतीच्या रस्त्यावर ते रिक्षात आमच्याकडे पाठ करून बसले. पण संध्याकाळी तिने त्यांचा वाटा हातात ठेवला तेव्हा त्यांनी मूठ उघडून दोनदा पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच एक रीत पाडली. काम संपलं आणि घरधनी खिशात हात घालायला लागला की चाचा म्हणायचे, "मी जरा बाह्यर पाहून येतो," आणि गोठ्याकडे जायचे. त्या उन्हाळ्यात त्यांनी नांदुरा तालुक्यातल्या झाडून सगळ्या म्हशी पाहिल्या. काही घरी म्हशी नव्हत्या, तिथे ते भिंतीकडे पाहत उभे राहत.

पंधरा दिवसांनी गुडघ्यांनी पुन्हा दगा दिला. यादी अर्धीही झाली नव्हती, उलट वाढत होती, कारण एका गावात गेलं की शेजारचे चार जण आपापले कूलर दाखवायला न्यायचे, चाचांनी न केलेलेही. मी घाबरलो. आता हेही दुकान बुडणार असं वाटायला लागलं. बाई मात्र चाचांच्या खाटेजवळ जाऊन बसली. "मले शिकवा," ती म्हणाली. "मी करते, तुमी बसून सांगा."

चाचांनी आयुष्यात कोणाला शिकवलं नव्हतं. त्यांची रीत एकच. पंखा तिच्या कानाशी धरायचा, फिरवायचा आणि विचारायचं, "काय म्हन्ते?" पहिल्या दिवशी ती म्हणाली, "घर्र म्हन्ते." चाचांनी नकारार्थी मान हलवली आणि पंखा परत फिरवला. असं आठवडाभर चाललं. मीही ऐकून पाहिलं, मला शेवटपर्यंत घर्रच ऐकू आलं. एक दिवस ती म्हणाली, "बेरिंग चांगलं हाय. पातं वाकलं." चाचांनी पातं उघडून पाहिलं. केसभर वाकलं होतं.

"हात चांगला हाय," ते मला म्हणाले. "तोंड जास्त हाय."

"तोंडामुळंच त चालून राह्यलं," ती आतून म्हणाली.

ती चाचांशिवाय जायला लागली तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. लोकांना चाचा हवे होते. बाईमाणूस पंख्याचं झाकण उघडतं हे पाहवत नसे. मलकापूर रस्त्यावर एका निवृत्त साहेबांचा बंगला होता. त्यांनी आम्हाला आत घेतलं, खुर्ची ओढून कूलरसमोर बसले आणि तिला शिकवायला लागले. स्क्रू कुठल्या दिशेने फिरतो, पाणी वरून खाली का येतं, सगळं. ती "हाव साहेब" म्हणत राहिली. काम निम्मं झालं असेल नसेल, साहेब म्हणाले, "आता पंप लाव."

"साहेब, नळी बसवाची हाय आजून."

"मला कळतं. लाव म्हटलं ना."

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, लांब उभी राहिली आणि बटण दाबलं. पाण्याची चिळकांडी सरळ छताला लागली आणि तिथून साहेबांच्या अंगावर आली. त्यांनी जागा सोडली नाही. पाणी चष्म्यावरून हनुवटीवर, हनुवटीवरून सदऱ्यात गेलं. आतल्या खोलीत त्यांच्या मिसेस हसत होत्या, ते सगळ्या बंगल्यात ऐकू येत होतं.

"आता नळी बसव," साहेब म्हणाले आणि कपडे बदलायला गेले.

मिसेसनी त्याच दिवशी गल्लीतल्या सहा घरांना फोन केले. सहाही घरी तो प्रसंग बाईला पहिल्यापासून सांगावा लागला, मग काम. त्या गल्लीत पुन्हा कोणी तिला काही शिकवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तिने आणखी दोन बाया सोबत घेतल्या. तिच्याच वस्तीतल्या, एक धुणीभांडी करणारी आणि एक कापूस वेचायला जाणारी. त्यांच्याही कानाशी पंखा धरून ती विचारायची, "काय म्हन्ते?" गावोगाव फिरताना लोक आतल्या खोलीसाठी, लेकीच्या घरासाठी नवा कूलर सांगायचे. त्यामुळे चाचांकडे एवढं काम आलं की त्यांना पत्राकामाचे दोन कारागीर ठेवावे लागले. पावसाळ्यात शेड रिकामी पडू नये म्हणून त्याच पत्र्यातून धान्याच्या कोठ्या करायच्या, हे शेठनी सुचवलं आणि पहिल्या कोठ्या स्वतःच घेतल्या. मी काय केलं असं कोणी विचारलं तर बाईने गुरुजींना दिलेलंच उत्तर मी देतो. लिहून घेतलं.

तिसऱ्या वर्षी आमच्या मुख्य कार्यालयातून एक मॅडम कॅमेरेवाल्याला घेऊन आल्या. यशोगाथा हवी होती. मी चाचांना आदल्या दिवशी समजावून ठेवलं होतं की मार्गदर्शन, बाजारपेठ, विस्तार, असे शब्द आले तर बरं. चाचांनी नवी बनियन घातली.

मॅडमनी विचारलं, "चाचा, तुमच्या धंद्यात हा बदल कशामुळे झाला?"

"या पोरानं नंबर चुकवला," चाचा म्हणाले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. मी पत्र्याकडे पाहत राहिलो.

"म्हंजे बगा," चाचा समजावून सांगायला लागले, "नंबर बरोबर असता त फोन माह्याकडे आले असते. मी समद्याईले म्हनलं असतं, येतो. अन् गेलो नसतो. गुडघे दुखत होते. शेठकडे फोन गेले म्हून थे कागदावर आले."

मॅडमनी वहीचं पान उलटलं. मग त्यांनी काहीतरी लिहिलं. छापून आलं तेव्हा त्यात 'ग्राहकांशी संवादाचा अभिनव प्रयोग' असं होतं. आमच्या साहेबांनी ते वाचून मला बोलावलं आणि विचारलं, प्रयोग म्हणजे काय केलं होतं? मी सांगितलं. ते म्हणाले, "बाकीच्या तालुक्यांत नका करू."

त्याच पावसाळ्यात बाईच्या मुलीला खामगावला डिप्लोमाला प्रवेश मिळाला. फॉर्म मीच भरत होतो, शेडमध्ये, चाचांच्या डब्यावर बसून. पालकाचा व्यवसाय हा रकाना आला. मुलीने आधीच्या फॉर्मवर पाहून सांगितलं, "मजुरी लिहा, दादा. दरसाल थेच लिहितो."

मी बाईकडे पाहिलं. ती ताटी बांधत होती. तिने मान वर केली नाही. गाठ पक्की केली, दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "कारागीर लिव्हा."

मुलगी म्हणाली, "कायचे कारागीर? थेबी लिव्हावं लागते."

"कूलरचे. अन् कोठ्याईचे. जागा पुरते का?"

जागा पुरली नाही. मी अक्षर बारीक करून बसवलं.

दिवाळीनंतर तिने मोटाळ्याच्या रस्त्यावर स्वतःचा गाळा घेतला. चाचांना सोडून जाणार म्हणून ती महिनाभर त्यांना सांगतच नव्हती. शेवटी मी सांगितलं. ते म्हणाले, "मले ठाऊक हाय. तिनं माहा हातोडा घरी नेला, अन् चार रोजानं सोतासाठी तसाच नवा आनला."

पहिला कूलर तिने एकटीने, पत्र्यापासून केला तेव्हा चाचांना दाखवायला बोलावलं. मीही गेलो. तिच्या दोघी मदतनीस, मुलगी, शेजारचा टायरवाला, सगळे जमले होते. चाचा आले, त्यांनी डोळे मिटून सगळ्या जोडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पानी भरा." टाकी काठोकाठ भरली. चाचा शेजारी स्टुलावर बसले. चहा आला, तो प्याले. टायरवाला कंटाळून गेला आणि एक पंक्चर काढून परत आला. तरी चाचा बसूनच होते. मी घड्याळ पाहिलं, पाऊण तास झाला होता.

मग डाव्या मागच्या कोपऱ्याशी एक थेंब दिसला. तो फुगला, जरा थांबला आणि जमिनीवर पडला.

टायरवाल्याने वाकून पाहिलं. चाचा गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागले. भट्टीत झाळायचं लोखंड तापतच होतं, त्यांनी त्याच्याकडे हात नेला.

तिने ते आधी उचललं. "बसा चाचा," ती म्हणाली. "माहा हाय. मी करते."

चाचा परत बसले. तिने पाणी काढलं, कोपरा पुसून कोरडा केला आणि जोड पहिल्यापासून उघडायला घेतला.